शेवटचा अंक सात

गणपतीच्या दिवसांत ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींच्या गटावर एक मजकूर फिरत होता. ‘शून्याचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला. जगातली सर्वांत मोठी संख्या परार्ध, तीही आपल्याच ऋषींनी सांगितलेली.’ खाली नमस्कारांची रांग लागली होती. या दोन्ही वाक्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून तर ती मला जास्त खुपतात. आठवीतली भाची सई आमच्याकडे राहायला आली होती. तिने तो मजकूर वाचला आणि विचारलं, “मामा, परार्धात एक मिळवला तर?”

या एका प्रश्नाने मजकुराचं दुसरं वाक्य निकालात निघालं. पहिल्या वाक्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, किलागेटला उतरून किल्ल्याची चढण धरली.

गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या मध्ये चतुर्भुज मंदिर आहे. अखंड खडकात कोरलेलं, इतकं लहान की बोलत बोलत चढणारे लोक पुढे निघून जातात. आत विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इ.स. ८७६चा शिलालेख आहे. काळ प्रतिहार राजा मिहिरभोजाचा. देवळाला दिलेल्या फुलबागेचं माप त्यात नोंदवलेलं आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. सईने २ आणि ७ लगेच ओळखले. पुढचं बारकं वर्तुळ मी दाखवलं. “एवढंसं?” ती म्हणाली. हो, एवढंसंच. ज्यांच्या काळाबद्दल शंका घेता येत नाही अशा भारतातल्या शून्याच्या सर्वांत जुन्या कोरीव खुणांपैकी ही एक आहे.

पण शोध इथे लागलेला नाही. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्येच लिहून ठेवले होते, आणि कंबोडियातल्या एका शिलालेखात इ.स. ६८३चं, टिंबाच्या रूपातलं शून्य आहे. आमच्या दगडाचं मोल वेगळंच आहे. इथे शून्य बागेच्या मापात आणि माळांच्या हिशेबात आलंय. ते कोरणाऱ्याला त्याची काही फोड करून सांगावी लागलेली नाही. म्हणजे इ.स. ८७६पर्यंत ही गोष्ट माळ्या-कारागिरांच्या व्यवहारात मुरली होती. एखाद्या ऋषीला साक्षात्कार झाल्याच्या गोष्टीपेक्षा मला हा पुरावा कितीतरी मोठा वाटतो, आणि तो झाकून खोटं श्रेय मिरवणाऱ्यांचा रागही येतो.

आता परार्ध. शुक्ल यजुर्वेदात यज्ञवेदीच्या विटांसंबंधी एक प्रार्थना आहे. या विटा माझ्या दुभत्या गाई होवोत, एक, दहा, शंभर, असं म्हणत ती दहा-दहा पटींनी चढत परार्धावर थांबते. तिथे परार्ध म्हणजे १ वर १२ शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मधे आणखी नावं शिरली, म्हणून तोच परार्ध १ वर १७ शून्यांचा झाला. शब्द एक आणि संख्या दोन, तेव्हा ‘सर्वांत मोठी’ हा दावा तिथेच गळतो. शिवाय पुढे गेलेलेही आपल्याकडेच होते. बौद्धांच्या ‘ललितविस्तरा’त तरुण सिद्धार्थ कोटीपासून शंभर-शंभर पटींनी कंकर, विवर, उत्संग, बहुल, नागबल अशी नावं घेत तल्लक्षणापर्यंत पोचतो. ही संख्या १ वर ५३ शून्यांची. जैनांनी काळ मोजण्यासाठी ८४ लाखांना ८४ लाखांनी गुणत जाऊन शीर्षप्रहेलिका गाठली, म्हणजे ८४ लाखांचा २८वा घात. ही संख्या १९४ अंकी आहे: आधी ५४ अंक आणि पुढे १४० शून्यं.

गंमत अशी की दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तर ते सुमारे १ वर ८० शून्यं एवढे भरतात. म्हणजे शीर्षप्रहेलिकेला मोजायला वस्तूच नाही. ज्यांनी ती संख्या बांधली त्यांना गुणत जाण्यातला आनंद नक्की ठाऊक असणार.

पण या साऱ्या याद्यांची एक मर्यादा आहे. दर पायरीला नवं नाव लागतं, आणि नावं संपली की खेळ संपतो. ग्रीसच्या आर्किमिडीजने विश्वात मावतील एवढे वाळूचे कण मोजायचं मनावर घेतलं तेव्हा त्याने नवी नावं शोधत बसण्याऐवजी मोजण्याची एक पद्धतच बांधली. गाठलेली संख्या हीच पुढच्या मोजणीचं एकक, असं करत तो १ वर ८०० कोटी कोटी शून्यांपर्यंत गेला. वाळूला १ वर ६३ शून्यं पुरली होती. विसाव्या शतकात अमेरिकन गणिती एडवर्ड कास्नर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने १ वर १०० शून्यांना ‘गूगॉल’ हे नाव दिलं. नाव गोड आहे, पण पद्धत म्हणून त्यात नवीन काही नाही.

देवळापासून थोडं वर चढल्यावर आम्ही कठड्याशी सावलीत बसलो. खेळ ठरला: दोघांनी आळीपाळीने संख्या सांगायची, मोठी सांगेल तो जिंकला. सईने पहिल्याच फेरीत “अनंत!” म्हटलं. ते बाद. अनंत ही मोजून गाठता येणारी संख्या नव्हे. खेळात संख्या सांत, म्हणजे कुठेतरी संपणारी हवी आणि नेमकी हवी. “तू सांगशील त्याहून एक जास्त” हेही बाद, कारण त्यात स्वतःचं काहीच नाही. मग तिने ९९९९ लिहायला सुरुवात केली, आणि मी तिच्या वहीत एक बाण काढला.

ही खूण १९७६मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी मांडली. बेरीज पुन्हा पुन्हा केली की गुणाकार होतो: ३ × ३ म्हणजे ३ + ३ + ३. गुणाकार पुन्हा पुन्हा केला की घात होतो. हा पहिला बाण: ३↑३ म्हणजे ३ × ३ × ३, म्हणजे २७. इथे शाळेचं पुस्तक थांबतं. पण का थांबायचं? घात पुन्हा पुन्हा घेतला की दोन बाण: ३↑↑३ म्हणजे ३↑(३↑३), म्हणजे ३चा २७वा घात. तो भरतो ७६,२५,५९,७४,८४,९८७. साडेसात लाख कोटींहून जास्त, आणि लिहायला लागले तिनाचे दोन अंक आणि दोन बाण.

आता एकच पायरी वर जाऊ. ३↑↑४ म्हणजे ३चा ‘वरची संख्या’ एवढा घात. या संख्येत ३ लाख ६३ हजार कोटींहून जास्त अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगाने ती वाचायला बसलं तर १ लाख १५ हजार वर्षं लागतील. शीर्षप्रहेलिकेचे १९४ अंक सव्वातीन मिनिटांत वाचून होतात.

तीन बाणांचा अर्थ दोन बाण पुन्हा पुन्हा. ३↑↑↑३ म्हणजे ३↑↑(३↑↑३). तिनावर तीन, त्यावर तीन असा घातांचा मनोरा, आणि त्या मनोऱ्याची उंचीच ७६,२५,५९,७४,८४,९८७ मजले. चौथ्या मजल्यालाच आपली एक लाख वर्षं संपली होती. चार बाण म्हणजे याच क्रियेची पुनरावृत्ती. ३↑↑↑↑३ या संख्येला ग१ म्हणू. मग ग२ कोणती? दोन तिनांच्या मध्ये ‘ग१’ इतके बाण. बाणांची संख्याच आता लिहिता येत नाही. ग३मध्ये ‘ग२’ इतके बाण. असं करत ग६४ला पोचलो की ती ग्रॅहम संख्या.

ही संख्या नुसती विक्रमासाठी जन्मलेली नाही. रोनाल्ड ग्रॅहम यांना एक प्रश्न सोडवायचा होता. घनाचे सगळे कोपरे एकमेकांना रेषांनी जोडा आणि प्रत्येक रेषा लाल किंवा निळी रंगवा. एकाच प्रतलातले चार कोपरे आणि त्यांना जोडणाऱ्या सहाही रेषा एकाच रंगाच्या, असं होऊ न देता रंगवता येईल का? साध्या घनात येतं. पण चार, पाच, सहा अशी मिती वाढवत नेली तर कधीतरी ते अशक्य होतं. हे किमान किती मितींना घडतं, याची एक वरची मर्यादा म्हणून ही संख्या १९७७मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखातून लोकांपुढे आली आणि १९८०मध्ये गिनीज बुकात गेली. नंतर मर्यादा खाली आणली गेली, तरी तीही अफाटच आहे. खालची बाजू आज १३वर आहे. खरं उत्तर १३सुद्धा असू शकतं.

आता माझा सर्वांत आवडता भाग. ही संख्या कुणीही कधीही लिहू शकणार नाही, पण तिचा शेवटचा अंक सईने वहीत काढला.

तिनाचे घात ओळीने लिहा: ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७, ६५६१. फक्त एकक स्थान बघा: ३, ९, ७, १, पुन्हा ३, ९, ७, १. चार पावलांचं चक्र आहे. म्हणून घातांकाला ४ने भागून बाकी काय उरते एवढंच कळलं की पुरे. बाकी १ तर अंक ३, बाकी २ तर ९, बाकी ३ तर ७, बाकी शून्य तर १.

बाण कितीही असले तरी उलगडत गेलं की शेवटी उरतो तिनांचा मनोराच. त्यामुळे सगळ्यांत खालच्या तिनाचा घातांक हाही तिनाचाच कुठलातरी घात असतो. तिनाच्या घातांना ४ने भागा: ३ची बाकी ३, ९ची १, २७ची ३, ८१ची १. घातांक विषम असला की बाकी ३. आणि मनोऱ्यात सगळे तीनच आहेत. तीन कितीही वेळा गुणले तरी फळ विषमच. तेव्हा बाकी ३, आणि शेवटचा अंक ७.

सात शुभ असतो म्हणून नव्हे. गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजणारे आणि नावाचं स्पेलिंग बदलून देणारे अंकज्योतिषी यांना सातात जे दिसतं, ते त्यात नाही. तिनाच्या घातांचं चक्र चारांचं आहे, एवढंच.

पुढे जायचं असेल तर शेवटचे दोन अंक वीस पावलांनी परततात, म्हणून घातांकाची २०ने भागून बाकी हवी. ती ७ येते, आणि ३चा सातवा घात २१८७. म्हणून शेवट ८७. शेवटचे तीन अंक शंभर पावलांनी परततात. शंभराने भागल्यावरची बाकी म्हणजे घातांकाचे शेवटचे दोन अंक, आणि घातांकही तिनांचा मनोराच, तेव्हा तेही ८७. ३चा ८७वा घात ३८७ने संपतो. एवढं हाती आलं की आणखी एक अंक, मग आणखी एक. मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून हव्या तेवढ्या विटा मोजता येतात. वरचं टोक मात्र कुणाला दिसत नाही.

“याहून मोठी?” सईने विचारलं.

१९६२मध्ये तिबोर रादो यांनी ‘बिझी बीव्हर’ हा खेळ मांडला. एक लांबच लांब पट्टी घ्या, प्रत्येक चौकटीत शून्य. एक यंत्र त्यावर फिरतं. चौकटीतला अंक वाचून तिथे ० किंवा १ लिहायचा, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि ठरलेली पुढची अवस्था, म्हणजे कुठल्या अंकाला काय करायचं याच्या नियमांची पुढची जोडी, धरायची. काही यंत्रं थांबतात, काही कायम फिरत राहतात. ठरावीक अवस्थांच्या, कधीतरी थांबणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत जास्त पावलं कोण टाकतं? एका अवस्थेला उत्तर १, दोनला ६, तीनला २१, चारला १०७. पाचाचं उत्तर ४,७१,७६,८७०. ते यंत्र १९८९मध्येच सापडलं होतं, पण त्याहून जास्त चालून थांबणारं दुसरं नाही हे २०२४मध्ये सिद्ध झालं. पाच अवस्थांची यंत्रं ६३ लाख कोटींहून जास्त आहेत.

हा क्रम काढण्याचं सूत्र निघूच शकत नाही. समजा, दोन मूळ संख्यांची बेरीज नसलेली, दोनाहून मोठी सम संख्या शोधत राहणारं यंत्र बांधलं, अशी संख्या भेटली तरच थांबणारं. तेवढ्या अवस्थांचा रादोंचा आकडा हाती असेल तर यंत्र तेवढी पावलं चालवायचं. तोवर थांबलं नाही तर ते कधीच थांबणार नाही, आणि अशी संख्या असते का, हे गोल्डबाखचं अडीचशे वर्षांहून जुनं कोडं सुटलं. अशा रीतीने थांबण्या-न थांबण्याचा प्रत्येक प्रश्न सुटला असता, आणि ते सरसकट अशक्य आहे हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे बाणांची कुठलीही युक्ती घ्या, रादोंचा क्रम कधीतरी तिला मागे टाकतोच.

सहा अवस्थांचं उत्तर १०↑↑१५ पेक्षा मोठं आहे, एवढं २०२२मध्ये कळलं. पंधरा मजल्यांचा दहांचा मनोरा, त्याहूनही वर.

सईने पेन्सिल उचलली. “आणि त्याचा शेवटचा अंक?”

इथे चक्र नाही, मनोरा नाही, पायथ्याशी बसून मोजायला विटा नाहीत. मी तिला सांगितलं की तो कुणालाच माहीत नाही.

“निदान सम की विषम?”

तेही नाही.