संधिप्रकाश की राशिचक्र प्रकाश?

उजाडायला बराच अवकाश असताना पूर्वेला फिकट उजेड दिसतो, पहाट झाली असं वाटतं, पण त्यानंतरही काळोख तसाच राहतो. आकाश खरोखर काळं असलेल्या ठिकाणी ही फसगत हमखास होते, कारण तो उजेड संधिप्रकाश नसतो, राशिचक्र प्रकाश असतो. दोन्ही सूर्याचेच आणि दोन्ही सूर्य क्षितिजाखाली असताना दिसणारे. पण एकात किरण आपल्याकडे वळवते ती हवा, दुसऱ्यात धूळ.

सूर्य मावळल्यावरही उंचावरच्या हवेवर ऊन पडत असतं. ती हवा ते खाली विखुरते, तोच संधिप्रकाश. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा तो नागरी. मोकळ्यावरची कामं तेव्हा दिव्याशिवाय होतात. १२ अंशांपर्यंतचा नाविक. समुद्राचं क्षितिज आणि ठळक तारे एकाच वेळी दिसतात ते याच टप्प्यात, म्हणून सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या उपकरणाने ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची घ्यायची तीही तेव्हाच. पुढे १८ अंशांपर्यंत खगोलीय, आणि मग रात्र. पहाटे हाच क्रम उलटा. विषुववृत्तावर संपातदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश, त्यामुळे सगळं सुमारे ७० मिनिटांत आटोपतं. याउलट ४९ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे जूनच्या उत्तरार्धात सूर्य १८ अंश खाली जातच नाही. रात्रभर संधिप्रकाश रेंगाळतो.

राशिचक्र प्रकाशाची धूळ पृथ्वीबाहेरची, ग्रहांमधल्या पोकळीतली. धूमकेतूंनी मागे टाकलेले आणि लघुग्रहांच्या टकरींतून सुटलेले हे कण ग्रहकक्षांच्या पातळीलगत दाटलेले आहेत. म्हणून हा उजेड राशींमधूनच वर चढतो, आणि ग्रहही याच पट्ट्यात सापडतात. खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी कॅसिनी यांनी १६८३ मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

रंगापेक्षा आकारावर भरवसा ठेवावा, असं माझं मत आहे. संधिप्रकाश क्षितिजालगत आडवा पसरतो. राशिचक्र प्रकाश पायथ्याशी रुंद आणि वर निमुळता, बहुधा तिरका उभा राहतो. पांढुरका, कडा विरघळलेल्या. दिसतो तोही पहाटे खगोलीय संधिप्रकाश सुरू होण्याआधी किंवा संध्याकाळी तो संपल्यावर. पहाटे खरा संधिप्रकाश आला की काही वेळातच हा त्रिकोण त्यात बुडून जातो.

उत्तर गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांवर संध्याकाळी पाहायचा तर फेब्रुवारी ते एप्रिल, पहाटे पाहायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या काळात आयनिकवृत्त, म्हणजे राशींमधून जाणारा सूर्याचा वार्षिक मार्ग, क्षितिजाशी अधिक उभा कोन करतं. उष्ण कटिबंधात ते वर्षभर बऱ्यापैकी उभं असल्याने संधी जास्त मिळते. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि शहराच्या दिव्यांपासून लांब जा. आकाशगंगेशी गल्लत वाटली तर पोत पाहा: तिच्यात गडद-उजळ ठिगळं असतात, हा मात्र सलग आणि मऊ.