रणगाड्याच्या मॉडेलची ऑर्डर देताय? डिव्हिजनचा नंबर पुरत नाही, साल पण लिहा

महिन्यातून दोन-तीनदा तरी मेसेज येतोच, "आजोबा ३१ आर्मर्ड डिव्हिजनला होते, रणगाड्याचं मॉडेल करून द्या, किती होतील?" साल नाही, काही नाही. आम्ही विचारलं की लोक वैतागतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

३१ हा नंबर दोन वेगवेगळ्या आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनना लागलाय. १९४० ला ब्रिटिशांच्या काळात उभी राहिली ती आधी १ इंडियन आर्मर्ड डिव्हिजन, मग तिचाच नंबर बदलून ३१ केला, ती इराक-इराणकडे गेली आणि १९४५ ला परत १ झाली. फाळणीनंतर ती भारताकडेच राहिली, आज जिला ऐरावत म्हणतात ती हीच. झाशीची आत्ताची ३१, व्हाईट टायगरवाली, ती १९७१ च्या युद्धानंतरची, वेगळीच.

एका गिऱ्हाइकाला आम्ही फक्त नंबरवर विश्वास ठेवून आत्ताच्या ३१ चा टी-७२ रणगाडा करून दिला, रंग, डेकल (चिकटवायची निशाणी), लाकडी बेस सगळं तयार. मग त्यांनी जुना फोटो आणला, मागे शाईने लिहिलेलं "बगदाद १९४३". डेकल खरवडलं की खालचा रंग पण निघतो, आणि इथे तर रणगाडाच चुकलेला, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. तेव्हापासून साल कळल्याशिवाय ॲडव्हान्स घेत नाही.

अजून एक, इराकवाल्यांसाठी जळते शत्रूचे रणगाडे दाखवा म्हणतात, ते आम्ही करत नाही. ही डिव्हिजन तिकडे तेल आणि रशियाला जाणारा सप्लायचा रस्ता राखायला होती, अख्खी डिव्हिजन म्हणून लढाईत उतरलीच नाही. यात कमीपणा काय आहे? धुळीत उभा शर्मन रणगाडा जास्त छान दिसतो, सॅम्पल दुकानात ठेवलंय.

१९४८ ला हैदराबाद भारतात घ्यायला सोलापूरहून निघाली ती हीच ऐरावतवाली १ आर्मर्ड डिव्हिजन. १३ सप्टेंबरला नळदुर्ग, पाच दिवसांत विषय संपला. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात म्हणजे सियालकोट सेक्टर, फिल्लोराची लढाई, पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे, तिचे कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला गेले ते त्याच सेक्टरमधे. आणि गंमत बघा, हैदराबाद विलीन व्हायच्या आधी तारापोर निजामाच्याच सैन्यात, लान्सर्स रेजिमेंटमधे होते!

सगळ्यात जास्त मागणी १९७१ च्या युद्धातले अरुण खेत्रपाल, त्यांच्या 'फामागुस्ता' या रणगाड्याला. तो पण पूना हॉर्सचाच सेंच्युरियन, पण त्यावर ऐरावतची निशाणी मागू नका. १९७१ ला पूना हॉर्स १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडमधे होती, १ आर्मर्ड तेव्हा पंजाबात राखीव बसून राहिली. खरा फामागुस्ता नगरला आर्मर्ड कोअर सेंटरला जपून ठेवलाय.

आमच्याकडे थोडं महाग पडतं, मान्य आहे, बाजारात रेडिमेड निम्म्यात मिळतं, पण त्यावर कुठलाही नंबर मारलेला असतो. डिस्चार्ज बुकच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात तर रेजिमेंट, साल, रणगाडा आम्हीच जुळवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फोटो उजेडात काढा फक्त, फ्लॅश नको, शाई दिसत नाही.