ओव्हलच्या आधी सबिना पार्क: १९७१च्या दोन विजयांची पार्श्वभूमी

२४ ऑगस्ट १९७१ रोजी आबिद अलींनी चौकार मारला आणि लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून भारतीय प्रेक्षकांनी बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. हे किस्से इतक्या वेळा सांगितले गेलेत की तो विजय बाप्पाने अलगद पदरात टाकला असं वाटू लागतं. मला ते पटत नाही. त्या विजयाची बांधणी सहा महिने आधी, जमैकात सुरू झाली होती.

त्याआधीचा हिशेब भारतासाठी फारच वाईट होता. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळल्यापासून १९६७ पर्यंत भारत इंग्लंडमध्ये १९ कसोट्या खेळला. १५ हरला, ४ अनिर्णित ठेवल्या. वेस्ट इंडीजविरुद्ध तर देशात किंवा परदेशात एकही विजय नव्हता. १९६२च्या दौऱ्यात पाचही कसोट्या गमावल्या आणि बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कसोटी कारकीर्दच संपली. १९६८ मध्ये पतौडींच्या संघाने न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली होती. परदेशातला तो पहिला मालिका विजय, आणि त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय आजही मिळत नाही. पण वेस्ट इंडीज आणि इंग्लंड हे वेगळंच प्रकरण होतं.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. पतौडींनी दौऱ्यातून अंग काढून घेतलं. वाडेकरांनी एका नावासाठी आग्रह धरला: दिलीप सरदेसाई. मडगावात जन्मलेला, मुंबईकडून खेळणारा हा फलंदाज तोवर संघाबाहेर फेकला गेला होता.

फेब्रुवारीत जमैकातल्या किंग्स्टनच्या सबिना पार्कवर पहिली कसोटी होती. पहिला दिवस पावसात गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५. तिथे सरदेसाईंच्या जोडीला एकनाथ सोलकर आले, दोघांनी डाव सावरला, आणि पुढे प्रसन्नांना हाताशी धरून सरदेसाईंनी २१२ धावांपर्यंत मजल मारली. भारत ३८७. उत्तरादाखल वेस्ट इंडीज २१७ धावांत गारद. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, २०० धावांची आघाडी लागते, त्यामुळे वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स निर्धास्त होते. पण पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० धावांची आघाडी पुरते. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. ते थेट वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सोबर्सना सांगितलं की तुम्हाला पुन्हा खेळायचंय.

वेस्ट इंडीजच्या कन्हायच्या नाबाद १५८ धावांमुळे सामना अनिर्णित राहिला. निकालाच्या रकान्यात त्या फॉलोऑनची काही नोंद नाही. तरीही या वर्षातला एकच क्षण निवडायचा झाला तर मी हाच निवडेन. सोबर्सच्या संघाला त्यांच्याच मैदानावर पुन्हा फलंदाजीला लावता येतं, हे त्या दिवशी दोन्ही ड्रेसिंग रूमना कळलं.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. पहिल्याच चेंडूवर आबिद अलींनी फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. नोरिगाने डावात ९ बळी घेतले तरी सरदेसाईंच्या ११२ धावांमुळे भारताने मोठी आघाडी घेतली. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि लॉइडला वाडेकरांच्या हाती झेल द्यायला लावला. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकलेल्या २१ वर्षांच्या सुनील गावस्करांनी नाबाद ६७ धावा करून विजय पूर्ण केला. भारत ७ गड्यांनी जिंकला, पुढे मालिकाही १-० ने. गावस्करांच्या चार कसोट्यांतल्या ७७४ धावा सगळ्यांना पाठ आहेत. सरदेसाईंच्या ६४२ धावा फार कमी जण सांगतात.

ही जिद्द आली कुठून? बरीचशी मुंबईच्या मैदानांतून. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. संघाचे मातब्बर वेस्ट इंडीजमध्ये असतानाही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवलं. विकेट फेकायची नाही, नियम पाठ हवेत आणि समोरचा कितीही मोठा असला तरी त्याला एक धाव फुकट द्यायची नाही, हे तिथलं खडूस शिक्षण. मात्र सामने जिंकून देणारी फिरकी मुंबईची नव्हती. बेदी पंजाबचे, प्रसन्ना आणि चंद्रशेखर कर्नाटकातले, वेंकटराघवन मद्रासचे. वाडेकरांच्या संघात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

इलिंगवर्थचा इंग्लंड संघ त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ॲशेस जिंकून परतला होता. लॉर्ड्स आणि मँचेस्टरच्या कसोट्या अनिर्णित राहिल्या. ओव्हलवर इंग्लंड ३५५, भारत २८४. एक अख्खा दिवस पावसाने खाल्ला. चौथ्या दिवशी, २३ ऑगस्टला, सामना उलटला. लकहर्स्टने सरळ मारलेला चेंडू चंद्रशेखरांच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि पलीकडचा जेमसन धावचीत झाला. लंचच्या तोंडावर चंद्राने एड्रिचचा त्रिफळा घेतला तो इतक्या वेगवान चेंडूवर की बॅट खाली यायच्या आत यष्टी गेली. लगेच पुढच्या चेंडूवर फ्लेचरचा झेल सोलकरांच्या हातात. ३ बाद २४. लहानपणी पोलिओने बारीक झालेल्या उजव्या हाताने चंद्रशेखरांनी त्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ धावांत आटोपला.

फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर हेल्मेटशिवाय, बॅटपासून हातभर अंतरावर उभे राहायचे. पहिल्या डावात ९० धावा करणाऱ्या नॉटचा झेल त्यांनी वेंकटच्या गोलंदाजीवर पूर्ण आडवं होऊन जमिनीलगत टिपला. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते. या मुलाचं क्रिकेट त्या मैदानावरच घडलं. २७ कसोटींत ५३ झेल घेतले त्यांनी.

लक्ष्य १७३. शेवटच्या सकाळी वाडेकर धावचीत झाले, पण सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनियर यांनी घाई न करता धावा जमवल्या. भारत ६ बाद १७४. मायदेशी परतल्यावर मुंबईत सांताक्रूझपासून रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. इंदूरमध्ये खेळाडूंची नावं कोरलेली काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला घरच्या मालिकेतही २-१ ने हरवलं.

१९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० ने हार झाली, लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव संपला. त्यावर वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या त्या बॅटला काळं फासलं गेलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर वाडेकर निवृत्त झाले. सलग तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराला असं घरी पाठवलं गेलं, याचा मला आजही राग येतो. भारतीय संघाशी त्यांचं नातं पुन्हा जुळलं ते १९९०च्या दशकात, व्यवस्थापक म्हणून. १९९३ मध्ये इंग्लंड भारतात ३-० ने हरला, तेव्हा भारतीय ड्रेसिंग रूममध्ये वाडेकर होते.