लिमिटमध्ये पिण्याचं गणित

यकृतावर काहीही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो यकृताबद्दल नसतो. विचारणारा सहसा वर्ष-दीड वर्ष दारूपासून लांब असतो. झोप परत आलेली असते, हातांची थरथर थांबलेली असते, रक्ततपासणीतले आकडे जागेवर आलेले असतात. मग तो जरा आडून विचारतो, "आता सगळं नॉर्मल आहे. कधीमधी लिमिटमध्ये घेतली तर चालेल ना?"

यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, एक थेंब पोटात गेला की संपलं. दुसरं, मनाचा निर्धार असेल तर काही होत नाही. दोन्ही उत्तरं तपासून झाली आहेत आणि दोन्ही कच्ची निघाली आहेत.

पहिल्याची तपासणी तर फारच गमतीशीर होती. १९७३ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ पुरुष घेतले. त्यातल्या ३२ जणांना दारूचं व्यसन होतं, उरलेले ३२ बेताने पिणारे. पेयांची चव घेऊन मत द्यायचं, हवं तेवढं प्या, असं सगळ्यांना सांगितलं. काहींना सांगितलं की पेल्यात व्होडका आणि टॉनिक आहे, काहींना सांगितलं की नुसतं टॉनिक आहे. मात्र सांगितलेलं आणि ओतलेलं यांची मुद्दाम फारकत केली होती. व्होडका म्हणून दिलेल्या निम्म्या पेल्यांत व्होडका नव्हती आणि नुसतं टॉनिक म्हणून दिलेल्या निम्म्यांत होती. एकास पाच या प्रमाणात मिसळल्यामुळे चवीवरून काही कळत नव्हतं. शेवटी मोजलं ते कोण किती प्यायलं एवढंच. जास्त प्यायले ते ज्यांना आपण व्होडका पितोय असं वाटत होतं. ती खरोखर होती की नाही याने फारसा फरक पडला नाही. ज्यांच्या नकळत व्होडका पोटात गेली, त्या व्यसनी माणसांचाही ताबा सुटला नाही. म्हणजे अल्कोहोलच्या रेणूत कळ फिरवणारी अशी काही जादू नाही. कळ अपेक्षेत आहे. ही 'अपेक्षा' पुढे आपल्याला बराच वेळ पुरणार आहे.

दुसऱ्या उत्तराची कथा लांबली आणि कडवट झाली. १९६२ साली लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डी. एल. डेव्हिस यांनी लिहिलं की, उपचार घेतलेल्या ९३ रुग्णांपैकी ७ जण पुढे सर्वसाधारण माणसासारखे, बेताने पीत आहेत. त्यावर केवढी खळबळ! व्यसनी माणूस पुन्हा कधीच बेताने पिऊ शकत नाही, हा तेव्हाचा ठाम समज होता. १९८५ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी त्याच सात जणांचा माग काढला. पाच जणांच्या पिण्यात गंभीर अडचणी होत्या, काहींच्या तर डेव्हिस यांना सगळं ठीक वाटत होतं तेव्हापासूनच्या. दोघे मात्र खरोखर निभावून गेले होते, आणि त्यातल्या एकाचं व्यसन मुळात तीव्र नव्हतंच.

दोन जण म्हणजे शून्य नव्हे, पण पैज लावावी इतकेही नव्हेत. मोठ्या संख्येकडे पाहिलं तर चित्र थोडं बदलतं. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या एका देशव्यापी पाहणीत, आयुष्यात कधीतरी दारूवर अवलंबून असलेल्या लोकांपैकी १७.७ टक्के लोक आता कमी धोक्याच्या मर्यादेत पीत होते आणि १८.२ टक्के अजिबात पीत नव्हते. म्हणजे बेताने पिणारे असतात, दुर्मीळही नसतात. तीन वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं तेव्हा न पिणाऱ्यांपैकी ७.३ टक्के लोकांमध्ये त्रासाची लक्षणं परतली होती, मर्यादेत पिणाऱ्यांपैकी २७.२ टक्के लोकांमध्ये. ज्यांचं पिणं मर्यादेबाहेर होतं पण त्रास काही नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के निघालं. यात कोणी कोणत्या गटात जायचं ते लोकांनी स्वतःच ठरवलेलं होतं, त्यामुळे फरकाचं सगळं श्रेय न पिण्याला देता येत नाही. तरी जवळजवळ चौपट हा आकडा खिशात ठेवण्यासारखा आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. बरा झालेला मेंदू इतका सहज मागे का वळतो?

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं हल्ली प्रत्येक जण सांगतो, 'डोपामिन उपवास' करायला लावणारे तर जरा जास्तच. ते चूक आहे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, तर उंदीर नेहमीसारखेच मिटक्या मारत होते. म्हणजे आवडणं शाबूत होतं. पण समोर अन्न ठेवलं तरी ते आपणहून तोंड लावत नव्हते. गेलं होतं ते हवंसं वाटणं. आवडणं आणि हवंसं वाटणं ही मेंदूत दोन वेगळी खाती आहेत, आणि डोपामिन प्रामुख्याने दुसऱ्या खात्यात काम करतं.

मग ते करतं काय? वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं 'बोलणं' ऐकलं. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात बोलतात. रसाआधी दर वेळी दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी त्या दिव्यालाच बोलतात आणि रस मिळाल्यावर गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही शांत होतात. अर्थात या पेशी बक्षीस मोजत नाहीत. मिळालेलं वजा अपेक्षित, एवढी वजाबाकी करतात. या वजाबाकीला आपण 'चूक' म्हणू. दर वेळी चुकीचा काही भाग जुन्या अपेक्षेत मिळवायचा, यालाच शिकणं म्हणतात.

कागद घ्या. रसाची किंमत १० धरा आणि दर वेळी चुकीचा निम्मा भाग अपेक्षेत मिळवा. सुरुवातीला अपेक्षा ०, चूक १०, नवी अपेक्षा ५. पुढच्या वेळी चूक ५, अपेक्षा ७.५. मग ८.७५, मग ९.४ च्या आसपास. चूक शून्याकडे जाते, अपेक्षा १० पाशी थांबते आणि पेशी गप्प होतात. रस तेवढाच गोड लागतो, पण त्याच्यासाठी जीव टाकावासा वाटत नाही.

आता नशेचा पदार्थ. डेव्हिड रेडिश यांनी २००४ मध्ये सुचवलं की असा पदार्थ डोपामिनला आपल्या बाजूने एक धक्का देतो, आणि हा धक्का कोणतीही अपेक्षा खोडू शकत नाही. धक्का ४ चा धरा आणि चूक ४ च्या खाली कधीच जाऊ शकत नाही असा नियम करा. मूळ मजा तीच, १०. पहिल्यांदा चूक १४, अपेक्षा ७. दुसऱ्यांदा १० वजा ७ अधिक ४, म्हणजे ७, अपेक्षा १०.५. तिसऱ्यांदा हिशेबाने ३.५ येते, पण नियमामुळे ४ धरायची, अपेक्षा १२.५. पुढे १४.५, १६.५, १८.५. दर वेळी दोनाची भर, थांबा म्हणून नाहीच. मिळणारं सुख मात्र दहाच, उलट सवय झाल्यामुळे त्याहून कमी. दारू आता पूर्वीसारखी चढत नाही, मजाही येत नाही, तरी पाय तिकडेच वळतात, असं जे पिणारे सांगतात ते या आकड्यांत उतरलेलं दिसतं. वाचताना कोणी मध्येच गळलं असेल तर एवढंच धरा: रसाचा हिशेब एक दिवस मिटतो, नशेचा मिटत नाही.

रेडिश यांचं हे प्रारूप (मॉडेल) सगळं बरोबर सांगत नाही. कोकेनवरच्या २००७ मधल्या एका उंदीर-प्रयोगात त्याचं एक भाकीत खोटं ठरलं. शिवाय अल्कोहोलचा धक्का कोकेनइतका थेट नसतो. मेंदूत स्वतःची अफूसारखी रसायनं असतात, एंडॉर्फिन. अल्कोहोल ती मोकळी करतं आणि डोपामिनचं काम बरंचसं त्या आडवाटेने होतं. ही आडवाट लक्षात ठेवा.

दारू सोडल्यावर फुगलेली अपेक्षा खाली यायला हवी. येतेही, पण जुनी नोंद खोडली जात नाही. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना घंटेनंतर अन्न देणं बंद केलं की घंटेला लाळ सुटणं थांबायचं. मग थोडा काळ काहीच न करता पुन्हा घंटा वाजवली की लाळ परत! 'आता अन्न येत नाही' ही नोंद जुन्या नोंदीच्या शेजारी लिहिली गेली होती, तिच्यावर गिरवलेली नव्हती. दारूच्या बाबतीत वेळ, जागा, सोबत, पेल्यातल्या बर्फाचा आवाज, सगळ्या घंटाच. दारूची सवय लावलेल्या उंदरांची दारू काही काळ काढून घेतली आणि परत दिली, तर ते आधीपेक्षा जास्त पितात, हे जॉन सिंक्लेअर यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून दीड वर्षानंतरच्या एका पेगमधलं १० ग्रॅम अल्कोहोल यकृत तास-दीड तासात निपटतं, पण 'आता पुन्हा चालतं' ही बातमी मेंदूत मागे राहते.

डोपामिनच्या नादात एक गोष्ट सांगायची राहील, आणि ती जिवाशी आहे. अल्कोहोल मेंदूचा ब्रेक दाबतं आणि अ‍ॅक्सिलरेटर ढिला करतं. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल साधण्यासाठी स्वतःचा ब्रेक सैल करून अ‍ॅक्सिलरेटर घट्ट करतो. दारू एकदम बंद केली की गाडी सुसाट. थरथर, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम आणि भास. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय झटक्यात बंद करणं ही हिंमत नव्हे, धोका आहे. आणि सोडण्या-धरण्याच्या प्रत्येक फेरीत हा त्रास वाढत जाऊ शकतो.

जेवणात गुपचूप मिसळा आणि दारू सोडवा, अशा पुड्यांच्या जाहिरातींबद्दलही बोललं पाहिजे. पुडीत काहीच नसेल तर पैसे गेले, एवढ्यावर सुटका. पण डायसल्फिरामसारखं औषध असेल तर? ते अल्कोहोलचं विघटन अ‍ॅसिटाल्डिहाइड या मधल्या विषारी टप्प्यावर अडवतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी जंतांवर उपाय शोधताना ते स्वतः घेऊन पाहिलं, नंतर दारू प्यायले आणि आजारी पडले. तिथून १९४८ मध्ये ते दारूवरचं औषध म्हणून पुढे आलं. ठाऊक असलेल्या माणसाने, तपासण्या करून ते घेतलं तर उपयोगी आहे. नकळत दिलं तर ती सरळ सरळ विषबाधा.

आता ती आडवाट. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध एंडॉर्फिनची जागा अडवतं. ते घेऊन माणूस प्यायला तर दारू चढते, पण धक्का कमी पडतो. मग 'चारच्या खाली नाही' हा नियम सुटतो, वरच्या कागदावरची चूक उणे होऊ शकते आणि अपेक्षा एकेक पायरी उतरू शकते. सिंक्लेअर यांची कल्पना हीच होती: गोळी घेऊन पिऊ द्यावं, हळूहळू हवंसं वाटणंच विझेल. अमेरिकेत १९९४ पासून या औषधाला दारूच्या व्यसनासाठी मान्यता आहे. नाल्मेफीन या त्याच्या भावंडाला तर युरोपात २०१३ मध्ये पिणं कमी करण्यासाठी म्हणूनच परवानगी मिळाली. प्रत्यक्ष परिणाम बेताचा आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, आणि अफूवर्गीय वेदनाशामक घेणाऱ्याला ही औषधं चालत नाहीत. पण 'लिमिटमध्ये पिणं' या मागणीला इच्छाशक्तीपलीकडचा काही आधार असेल, तर तो मला इथे दिसतो.

समजा जमलं. मग मिळतं काय? थोडी दारू हृदयाला चांगली, हा दिलासा आता विसरलेला बरा. जुन्या पाहण्यांत न पिणारे जास्त आजारी दिसायचे, कारण त्यांच्यात आजारामुळेच दारू सोडलेले लोक मिसळलेले होते. हे १९८८ मध्येच ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं. या प्रश्नाचा निकाल लावायला अमेरिकी सरकारी संस्थेने मोठी चाचणी सुरू केली, तिला पैसा मद्यकंपन्यांकडून आला, आणि २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. कर्करोगाच्या बाबतीत तर अल्कोहोल १९८८ पासून तंबाखूच्याच, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींच्या गटात आहे. तेव्हा औषध म्हणून हवी, हे कारण बाद. मौज म्हणून हवी, हे कारण खरं आहे आणि त्याबद्दल मी कोणाला हिणवणार नाही.

पण विचारणाऱ्याला मी उलट विचारतो की त्या पेगमधलं नेमकं काय हवंय. चव असं क्वचितच कोणी म्हणतं. बहुतेकांना हवा असतो पेला अर्धा सोडून उठणारा माणूस, म्हणजे तसं होता येणं. आता गंमत पाहा. पेला अर्धा सोडणारा मोजत नसतो. त्याच्या वहीत चूक कधीच शून्य झालेली असते. लिमिट पाळणारा मात्र संध्याकाळभर मोजतो: किती झाले, किती उरले, किती वाजले. बाहेरून दोघांचे दोनच पेग दिसतात. मला वाटतं, हवी असते ती ही बेफिकिरी, आणि घंटा वाजत राहिल्या आणि अन्न येत राहिलं तर ती यायला वेळ लागतो. व्यसन सौम्य असेल तर ती पिताना येऊ शकते. तीव्र असेल तर बहुधा न पिता लवकर येते. आजच्या निदानपद्धतीत ११ पैकी २-३ लक्षणं म्हणजे सौम्य आणि ६ किंवा जास्त म्हणजे तीव्र. आपण कुठे आहोत हे डॉक्टरांसमोर बसून अर्ध्या तासात कळतं.

उपचाराच्या सुरुवातीला लिमिट मागणारे बरेच जण पुढे आपणहून पूर्ण बंदकडे वळतात. मी ज्यांना कारण विचारलं त्यांनी ना धर्म सांगितला ना आरोग्य. मोजायचा कंटाळा आला, म्हणाले.