सीए आणि पीए: फुटबॉल मॅनेजरमध्ये खेळाडू आज किती आणि उद्या किती

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे दोन आकडे असतात आणि साध्या गेममध्ये ते दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. सीए म्हणजे करंट अ‍ॅबिलिटी: तो आज किती चांगला आहे. पीए म्हणजे पोटेन्शियल अ‍ॅबिलिटी: तो जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो. मोजमाप दोन्हींचं २०० पैकी. नेरूळ-वाशीच्या टर्फवर खेळून झाल्यावर पोरं आपापल्या सेव्हच्या, म्हणजे गेममधल्या आपापल्या चालू डावाच्या, गप्पा मारतात, त्यात "भारी खेळाडू" हा एकच शब्द या दोन्हींसाठी वापरला जातो. माझं स्पष्ट मत आहे की बरेच संघ इथेच फसतात.

सिडकोच्या प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते एफएसआय ठरवतो. पीए हा तो एफएसआय, आणि सीए म्हणजे प्रत्यक्षात उभे राहिलेले मजले. एफएसआय कितीही मिळाला तरी रिकाम्या प्लॉटवर संसार थाटता येत नाही. पीए ही मर्यादा आहे, हमी नाही. १७० पीए असलेला मुलगा १३० वर अडकून तिशी गाठतो, असं गेममध्ये सर्रास होतं.

मग स्क्रीनवर दिसणारे तारे काय असतात? ते सीए-पीए नसतात. ते तुमच्या स्टाफचं मत असतं, आणि तेही तुमच्या संघाच्या तुलनेत. म्हणून खालच्या लीगमध्ये चार तारे असलेला खेळाडू, तुम्ही वर गेलात आणि दोन चांगले खेळाडू आणलेत की, अडीचवर येतो. त्याचं काही बिघडलेलं नसतं, बाजूचे बदललेले असतात. काळे तारे दिसले तर समजायचं की स्काऊटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाला, अजून खात्री नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. स्काऊटची आजची क्षमता ओळखण्याची नजर आणि पुढची ओळखण्याची नजर हे गेममध्ये दोन वेगळे गुण आहेत, दोन्ही २० पैकी. पहिल्यात १६ आणि दुसऱ्यात ९ असलेल्या माणसाला पोरं हेरायला पाठवायचं नाही. त्याला तयार खेळाडू बघायला पाठवा.

सीए सारखा असला म्हणजे खेळाडू सारखे, असंही नाही. प्रत्येक जागेसाठी प्रत्येक गुणाचं वजन वेगळं असतं आणि दुसरा पाय चांगला असला तर त्यातही सीए खर्च होतो. शिवाय मोठ्या सामन्यात टिकणं, सातत्य, दुखापतीची प्रवृत्ती हे छुपे गुण वेगळेच. त्यामुळे तारे मोजून थांबायचं नाही, गुणांचं पान उघडायचं.

ऐरोलीतला माझा भाचा इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावरच्या क्लबचा सेव्ह चालवतो. त्याच्याकडे दोन लेफ्ट-बॅक होते. एक १९ वर्षांचा, आजचे दोन तारे आणि पुढचे साडेचार. दुसरा २८ वर्षांचा, दोन्हीकडे साडेतीन. भाचा दुसऱ्याला विकायला निघाला होता. मी म्हटलं, "आधी दोघांची पानं शेजारी ठेव." पोराचा वेग २० पैकी १५, पण पोझिशनिंग ७, एकाग्रता ८, निर्णय ८. मोठ्याचा वेग १२, पण पोझिशनिंग आणि एकाग्रता दोन्ही १४. "मामा, पण हा पुढे जाऊन स्टार होईल ना!" होईलही. पण त्या लीगमध्ये सीझनला ४६ सामने असतात, शनिवार झाला की मंगळवार. एकाग्रता ८ असलेला डिफेंडर शेवटच्या पंधरा मिनिटांत जे गोल देतो, त्यात गेलेले पॉइंट पुढच्या वर्षी परत मिळत नाहीत. मोठा राहिला, पोराला कपचे सामने आणि जिंकत असताना शेवटची वीस मिनिटं मिळाली. माझ्या मते हीच योग्य वाटणी.

पीएबद्दल अजून एक भांडण नेहमी होतं. एक म्हणतो, तो मुलगा पुढे गेलाच नाही. दुसरा म्हणतो, "माझ्या सेव्हमध्ये तर तो मुलगा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला!" दोघंही खरं बोलत असतात. बऱ्याच तरुण खेळाडूंना डेटाबेसमध्ये ठरावीक पीए दिलेला नसतो, उणे आकडा दिलेला असतो. उणे ९ म्हणजे १५० ते १८० मधला कुठलाही आकडा, आणि तो नवा सेव्ह सुरू करताना ठरतो. त्यानंतर मात्र तो बदलत नाही. इंटरनेटवरची वंडरकिडची, म्हणजे पुढे स्टार होतील अशा पोरांची, यादी वाचून सगळं बजेट एका मुलावर लावणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

खऱ्या फुटबॉलमध्येही हे आपण आपल्याच स्टेडियममध्ये पाहिलं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर झाली. स्पेन ३-१ ने जिंकला. दोन गोल आबेल रुईझचे, एक फेरान तोरेसचा. त्या संध्याकाळचा खेळ बघून कुणीही रुईझचं नाव आधी घेतलं असतं. पुढे तोरेस मँचेस्टर सिटी आणि बार्सिलोनाला गेला, २०२२ च्या विश्वचषकात स्पेनसाठी गोल केले. रुईझ चांगला खेळाडू आहेच, पण त्याची वाट ब्रागाकडे वळली. उलट उदाहरणही त्याच मैदानावरचं. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोलंबियाकडून लिंडा कैसेदो खेळली. ती तेव्हा १७ वर्षांची, पण त्याच वर्षी कोपा अमेरिकेत मोठ्यांच्या संघातून स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली. वय कमी म्हणजे सगळं उद्यावरच, असं धरायचं नाही. काही पोरांचा सीए आजच भरलेला असतो.

मुलगा पीएकडे सरकतो तो कशामुळे? साधारण १८ पर्यंत चांगली ट्रेनिंगची सोय आणि कोच, त्यानंतर खऱ्या सामन्यांची मिनिटं. आणि सगळ्यात जास्त व्यावसायिकता, जो छुपा गुण आहे. व्यक्तिमत्त्वाच्या जागी 'मॉडेल प्रोफेशनल' किंवा 'प्रोफेशनल' दिसलं तर थोडा कमी पीएचा मुलगाही घ्यावा. आळशी पण गुणी पोरापेक्षा तो बहुतेक वेळा पुढे जातो. अशा पोरांच्या मेंटरिंग गटात एक-दोन मेहनती सीनियर ठेवा, त्याने खरंच फरक पडतो.

संघ बांधताना मी गोलकीपर, दोन सेंटर-बॅक, मधला एक मिडफिल्डर आणि स्ट्रायकर आजच्या ताकदीवर निवडतो. पीएचा जुगार विंगर, फुल-बॅक आणि बाकावरच्या जागांवर. २३ वर्षांचा झाला तरी सीए आणि पीएमधलं अंतर फारसं कमी न झालेला मुलगा मी विकतो, कारण घेणाऱ्या क्लबच्या स्काऊटला अजून तेच साडेचार तारे दिसत असतात आणि पैसे तेव्हाच चांगले येतात. करारात पुढच्या विक्रीतली २० टक्के रक्कम मात्र मागून ठेवायची.