कूलरच्या टाकीतली काळी रेघ

नवतपा सरतो, मृगाच्या दोन सरी पडतात आणि नागपुरात घरोघरी कूलरची पाण्याची मोटर बंद होते. पंखा तेवढा सुरू राहतो. कारण सरळ आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. जुलैत हवाच ओलीचिंब, पाणी उडायला जागाच नाही. मोटर लावली की गारवा राहतो बाजूला, पांघरूण मात्र दमट होतं.

टाकीतल्या पाण्याचं काय करायचं, हे कोणी बोलत नाही. उन्हाळ्यात तीच टाकी दिवसातून दोनदा भरावी लागायची आणि मोटर सुरू असेस्तोवर पाणी फिरत राहायचं. आता तेच पाणी आठ-पंधरा दिवस निवांत पडून असतं. सावलीत, आडोशाला, आणि बऱ्यापैकी स्वच्छ.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला याहून चांगली जागा नको असते. हा डास मूळचा आफ्रिकेतल्या जंगलातला. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढणारा. पुढे तो माणसाच्या रांजणांना आणि हौदांना सरावला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून समुद्र ओलांडून जगभर गेला. ढोलीची सवय मात्र सुटली नाही. खिडकीला टेकवलेला टिनाचा कूलर ही तिच्या दृष्टीने ढोलीच.

ढोली उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून या मादीने एक जुगाड शोधला आहे. ती अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओल्या भिंतीला एकेक करून चिकटवते. एका खेपेला शंभराच्या आसपास, आणि तीही सगळी एका ठिकाणी नाहीत. थोडी कूलरमध्ये, थोडी कुंडीखालच्या ताटलीत, थोडी फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये. टाकलेली अंडी पांढरी असतात, काही तासांत काळी पडतात आणि मग पाणी आटलं तरी महिनोन् महिने कोरडी तग धरून राहतात. पाणी पुन्हा वर चढून ती बुडाली की फुटतात. सगळी एकदम नाहीत; काही पहिल्या पाण्याला, काही त्यानंतरच्या.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी गेल्या वर्षी आम्ही जुलैत टाकी उपडी केली, पाणी काढलं आणि काम झालं असं समजलो. ऑक्टोबर हीट सुरू झाली तशी पाइप लावून पुन्हा भरली. चौथ्या दिवशी बाजूची ताटी काढून टॉर्च मारला. पाण्यात बारीक धाग्यांसारख्या अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या. शेपटीकडच्या नळीने त्या हवा घेतात. पत्र्यावर बोट वाजवलं तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या, मिनिटभराने एकेक करून वर आल्या. मग भिंत बघितली. जुन्या पातळीच्या वर, क्षाराच्या पांढऱ्या थरात, खसखशीहूनही बारीक काळे ठिपके, एका रेघेत. पाणी आम्ही काढलं होतं. रेघ कोणी घासली नव्हती.

महाराष्ट्रात आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात त्याचं गणित इथेच आहे. पावसाळ्याच्या उबेत अंड्यातून अळी, अळीतून स्वल्पविरामासारखा वाकडा कोष आणि कोषातून डास, हा प्रवास साधारण सात ते दहा दिवसांचा. आठवड्याला भांडी रिकामी झाली तर अळीला पंख फुटायला वेळच मिळत नाही. पण अंड्यांसाठी पाणी ओतून देणं पुरत नाही. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने कडा खरवडावी लागते, आणि ते पाणी पुन्हा कुंडीत न ओतता उन्हातल्या जमिनीवर फेकावं लागतं.

आपण डासांना शिव्या देतो त्या बहुतेक नाल्याकडे तोंड करून. नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी डासांचे थवे उठतात हे खरं, पण ते प्रामुख्याने क्युलेक्स. घाण पाण्यात वाढणारे, रात्री चावणारे, हत्तीरोग पसरवणारे. डेंग्यूचा डास पायांवर पांढरे पट्टे मिरवत दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. आयुष्यभरात तो सहसा दोन-चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला बहुधा तुमच्याच गल्लीत जन्मलेला. त्यात ही मादी भारी बिचकणारी. जरा हाललं की उठते आणि दुसऱ्याला चावते, म्हणून एका घरात तीन-तीन रुग्ण निघतात.

रुग्णाला चावून विषाणू पोटात गेल्या-गेल्या ही मादी रोग देऊ शकत नाही. आतड्यातून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचायला त्याला आठ ते बारा दिवस लागतात. डेंग्यू देते ती म्हातारी मादी. मेच्या झळांमध्ये डास फार जगत नाहीत. पावसाळ्याच्या ओलाव्यात म्हातारपण गाठतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत आपलं गाव मारबतीचे पुतळे घेऊन रस्त्यावर उतरतं, ते नेमकं या दिवसांत.

गल्लीत धुराची गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. गंमत म्हणजे एडिस तेव्हा घरातच असतो. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. धूर फक्त उडत्या डासांना मारतो, तोही अंगाला लागला तर. टाकीतल्या अळ्यांना त्याचं काही नाही.

आजाराबद्दल थोडक्यात. डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी ताप येतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी उपयोगी, नंतर शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. तापावर पॅरासिटामॉल चालतं; अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. लोक चुकतात ते ताप उतरल्यावर. 'सुटलो बुवा' म्हणतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्त दाट होऊ लागतं. पोटात सतत दुखणं, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती यांपैकी काही दिसलं तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं आणि किवी, पपईची पानं शोधत फिरतं. खरं लक्ष पाणी, लघवी आणि रक्तदाबाकडे हवं. विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणून सुटका नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आधीची प्रतिपिंडंच विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात, म्हणून दुसरा डेंग्यू अनेकदा जड जातो.

आमचा कूलर या वर्षी घासून, उन्हात वाळवून, गच्चीच्या खोलीत उपडा ठेवला आहे. शेजारचं घर मात्र बंद. काका-काकू मुलाकडे पुण्याला, खिडकीला कूलर तसाच लटकलेला, वरचा पत्रा सरकलेला. पाऊस थेट टाकीत. फोन केला तर काका म्हणाले, "दिवाळीला येतोच आहे ना, बघू तेव्हा." दोन घरांमध्ये भिंत आहे ती जेमतेम खांद्याएवढी. काल काकांना विचारूनच भिंतीवरून वाकून टाकीत वाटीभर गोडेतेल सोडलं. पाण्यावर तवंग आला की अळ्यांना हवा मिळत नाही. कडेच्या रेघेला हात पोचत नाही.