पत्ता आधी, मजकूर नंतर : नेटवर्क कार्डातल्या गाळणीची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेत मी संध्याकाळी नेटवर्किंग शिकवतो. वायरशार्क, म्हणजे जाळ्यावरून जाणारी माहिती पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडलं की मुलं दर वर्षी हेच विचारतात, "सर, प्रॉमिस्क्युअस मोड चालू आहे, तरी शेजारच्या कॉम्प्युटरची पॅकेटं का दिसत नाहीत?" नेटवर्क कार्ड एरवी फक्त आपल्या पत्त्याची पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, आत घेतं आणि बाकीची गाळतं; या मोडमध्ये ते समोर येईल ते सगळं घेतं. उत्तरासाठी थेट १९७३ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची, म्हणजे जवळपासची कॉम्प्युटरं केबलने जोडायच्या पद्धतीची, कल्पना मांडली. सगळी यंत्रं एकाच केबलवर. एकाने पाठवलेली फ्रेम, म्हणजे पत्ता लावलेलं पॅकेट, सगळ्यांच्या दारावरून जाणार आणि आपली कोणती, ते ज्याचं त्याने ओळखायचं. या प्रायोगिक जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता, पत्ता जेमतेम ८ बिटांचा.

डेक, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये मिळून मानक काढलं, तेव्हा वेग १० मेगाबिट झाला आणि पत्ता ४८ बिटांचा. एवढा लांब पत्ता का, याची मांडणी १९८१ च्या एका शोधनिबंधात आहे. त्याच्या दोन लेखकांपैकी एक योगेन दलाल, आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. वर्गात हे मी मुद्दाम सांगतो.

फ्रेममध्ये पाठवणाऱ्याच्या आधी घेणाऱ्याचा पत्ता येतो. १० मेगाबिटला हे ४८ बिट ४.८ मायक्रोसेकंदांत येतात, त्यामुळे बाकीची फ्रेम यायच्या आतच कार्ड ती सोडून देऊ शकतं. त्या वेगाला लहानात लहान फ्रेमा सेकंदाला १४,८८० पर्यंत येऊ शकतात. प्रत्येकीसाठी प्रोसेसरला उठवलं असतं, तर त्या काळच्या पीसीला दुसरं काही सुचलंच नसतं.

स्वतःचा पत्ता जुळवून पाहणं सोपं होतं. खरी अडचण मल्टिकास्टची, म्हणजे एकाच वेळी यंत्रांच्या अख्ख्या गटाला पाठवलेल्या फ्रेमांची. एक यंत्र कितीही गटांत असू शकतं, आणि प्रत्येक गटाचा पत्ता साठवायचा तर चिपवर तेवढी जागा हवी. एएमडी कंपनीच्या लान्स या नेटवर्क चिपने यावर काढलेला तोडगा मला आजही विलक्षण वाटतो. फ्रेम बिघडली आहे का हे तपासायला सीआरसीचं गणित चिपमध्ये चालूच असतं. पत्त्याचे ४८ बिट त्यातून गेले, की आलेल्या उत्तराचे ६ बिट घ्यायचे आणि ६४ खणांच्या तक्त्यात त्या क्रमांकाचा खण आपल्या गटासाठी उघडा ठेवला आहे का ते बघायचं. सारी गाळणी ६४ बिटांत मावली. दोन वेगळे गट एकाच खणात पडले तर नको असलेली फ्रेमही आत येते. ती ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, पुन्हा तपासून टाकायची. पण हवी असलेली फ्रेम या गाळणीत कधीच अडकत नाही, आणि महत्त्वाचं तेच आहे.

पुढे १९८९ च्या आरएफसी १११२ या इंटरनेट मानकाने आयपी मल्टिकास्ट गटाच्या पत्त्यातल्या २८ बिटांपैकी फक्त २३ इथरनेट पत्त्यात घेतले. म्हणजे ३२ गटांना एकच पत्ता, आणि पुन्हा वर, सॉफ्टवेअरमध्ये, तपासणी आलीच.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९० मध्ये आहे. कल्पना नावाच्या कंपनीने इथरस्विच आणला आणि कार्डाच्या अलीकडेच, वाटेत, आणखी एक गाळणी बसली. कोणता पत्ता कुठल्या पोर्टवर (केबलच्या खोबणीवर) आहे हे स्विच शिकून घेतो आणि फ्रेम तिथेच धाडतो. प्रॉमिस्क्युअस मोड फक्त कार्डाची गाळणी काढतो. जे दारापर्यंत आलंच नाही, ते कार्ड कुठून दाखवणार?

जेल रोडवर जुन्या सामानात मिळालेला १० मेगाबिटचा एक हब, म्हणजे आलेली फ्रेम न निवडता सगळ्या पोर्टांवर पाठवणारी पेटी, मी जपून ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी स्विच काढून तो जोडतो. एक जण शेजाऱ्याला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का' असं विचारणारी पॅकेटं पाठवतो, आणि ती पॅकेटं तिसऱ्याच्या पडद्यावर उमटायला लागतात.